खांद्याच्या रिपोर्टमधला दुसरा परिच्छेद

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी नववीचे भूगोलाचे पेपर तपासत बसले होते. शनिवारची दुपार होती. बाबा आतल्या खोलीत झोपले होते आणि त्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज हॉलपर्यंत येत होता. उजवं कोपर उशीवर टेकवूनच मी लाल पेन चालवत होते, कारण तसं टेकवलं नाही तर खांद्यातून बोटांपर्यंत कळ जायची. स्कॅन सेंटरमधल्या मुलीने संध्याकाळपर्यंत लिंक येईल असं सांगितलं होतं. लिंक लवकर आली. हातातला पेपर पुरा करून मग बघू असं मी ठरवलं, आणि खरंच पुरा केला. त्या पेपरात मोसमी वाऱ्यांचे बाण उलट्या दिशेने काढलेले होते, हे मला अजून आठवतं.

खांदा दुखायला लागून तोवर बरेच महिने झाले होते. वर्गात फळ्याच्या वरच्या खिळ्याला नकाशा अडकवताना एके दिवशी हात अर्ध्यातच थांबला. तिथून सुरुवात. पन्नाशी उलटलेल्या बाईचा खांदा दुखतो म्हटलं की निदान करायला डॉक्टर लागत नाही. स्टाफरूममध्ये ते लगेच झालं. "फ्रोझन शोल्डर. माझ्या नणंदेला झालेला. वर्षभर छळतो आणि आपला आपण जातो." सोसायटीतल्या शेजारणीने तेल दिलं. शाळेतल्या शिपाईमामांनी कुठलासा पट्टा सुचवला. सगळ्यांच्या ओळखीत कुणाला ना कुणाला हेच झालेलं होतं, आणि ते सगळे बरे झालेले होते. जिने चढताना मला दम लागायचा, संध्याकाळी सात-आठलाच डोळे मिटायला लागायचे. त्याचा आणि खांद्याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. घरी म्हातारे वडील, शाळा, मधूनमधून निवडणुकीची कामं. माणूस थकणारच.

मानपाडा रोडला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. तिच्याकडे मी काही आठवडे जात होते. ती हात धरून हळूहळू वर न्यायची आणि मी दात आवळून छताकडे बघायचे. एके दिवशी मध्येच थांबून तिने विचारलं, "ताई, स्वस्थ बसल्यावरही दुखतं का?"

"स्वस्थ बसल्यावरच जास्त दुखतं."

तिने माझा हात दोन्ही हातांनी धरून अलगद माझ्या मांडीवर ठेवला. "मग आज व्यायाम नको. आधी एमआरआय करून घ्या."

मला तिचा रागच आला होता. एवढ्या दिवसांनी आता हे कशाला, असं वाटलं होतं.

तर तो रिपोर्ट. इंग्रजी मला व्यवस्थित वाचता येतं. पहिला परिच्छेद खांद्याच्या स्नायूंबद्दल होता. एक शीर झिजली आहे, थोडी फाटली आहे, आजूबाजूला पाणी साठलं आहे. अडलेले शब्द मी फोनवर शोधले आणि प्रत्येक शब्दागणिक मला जरा बरंच वाटत गेलं. दुखण्याला कारण होतं. मी कांगावा करत नव्हते. पेन खाली ठेवून मी मान मोकळी केली आणि दुसरा परिच्छेद वाचायला घेतला.

दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात आणि खांद्याच्या पात्यात अनेक लहान लीजन्स, म्हणजे बिघडलेल्या जागा, दिसत आहेत. हाडातल्या मज्जेचा सिग्नल बदललेला आहे. एके ठिकाणी हाडाचं बाहेरचं कवच पातळ झालं आहे. मग 'पॉसिबिलिटी' असा शब्द, त्याच्यापुढे दोन आजारांची नावं, आणि शेवटी पुढील तपासण्या कराव्यात असा सल्ला.

हे मी अनेकदा वाचलं. शब्द सगळे कळत होते, फक्त ते वाक्य माझ्याबद्दल आहे हे डोक्यात शिरत नव्हतं. वर माझं नाव आहे ना, वय बरोबर आहे ना, उजवाच खांदा आहे ना, हे तपासलं. सगळं बरोबर होतं. मग त्या दोन आजारांपैकी एकाचं नाव फोनवर टाकलं. पहिल्याच ओळीत रुग्ण साधारण किती काळ जगतो याची माहिती होती. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पुढचा पेपर ओढला. त्या पेपराला किती गुण दिले ते मला सांगता येणार नाही.

"आला का गं रिपोर्ट?" बाबांनी आतून विचारलं. घोरणं कधी थांबलं होतं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आलाय. चहा टाकते आधी."

बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. आई गेल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नसत. खाली सोसायटीच्या गेटपर्यंत, तेही मी सोबत असले तर. त्यांच्या गोळ्या, अंघोळीचं स्टूल, कानातल्या यंत्राचा सेल, नखं कापणं, सगळं माझ्याकडे होतं. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल आमच्यात कधीकाळी वादावादी झाली असेल, पण ती विरूनही आता जमाना झाला होता. आम्ही दोघं होतो आणि ते तसंच चालणार होतं. पुढे कधी तरी मी एकटी असणार, हेही आम्हा दोघांना न बोलता माहीत होतं.

चहाचा कप त्यांच्या हातात देऊन मी म्हटलं, "शीर थोडी फाटलीय म्हणतायत."

"दाखव."

फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले, अक्षरं मोठी केली आणि बोटाने सरकवत गेले. पहिला परिच्छेद त्यांनी ओठ हलवत वाचला. तो संपला तिथे माझं बोट थांबलं.

"पुढे?"

"पुढे काही विशेष नाही."

"पुढे ने ना."

मी पुढे नेलं. त्यांनी वाचलं. पुन्हा मागे न्यायला लावून पुन्हा वाचलं. चहावर साय धरली.

बाबांनी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काढली. तिथे ओतीव लोखंडाचे व्हॉल्व्ह बनायचे आणि बाबा तपासणी विभागात होते. माल बघायचा, त्यातले दोष शोधायचे आणि रिपोर्ट लिहायचा, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे रिपोर्टची भाषा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

"हे 'पॉसिबिलिटी' कुणी लिहिलंय?"

"रेडिओलॉजिस्टने. त्यांनी मला बघितलेलंसुद्धा नाही."

"बरोबर आहे. आम्हीही फक्त माल बघायचो, गिऱ्हाईक नाही." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "शक्यता आहे, असं आम्ही दोन कारणांनी लिहायचो. एक म्हणजे खरंच माहीत नसायचं."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे माहीत असायचं, पण सांगायचं काम आपलं नसायचं."

त्यांनी चहा तसाच बाजूला ठेवला. तो दिवस कसा संपला ते मला सांगता येत नाही. आम्ही जेवलो असणार, टीव्ही लावला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सेंटरमधून स्कॅनच्या दिवशीच मिळालेलं फिल्मचं मोठं पाकीट माझ्याकडून मागून घेतलं आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरच्या बिल्डिंगवरून ऊन येत होतं. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. हाडाच्या करड्या आकारात पांढरे ठिपके होते, आता माहीत असल्यामुळे मलाही दिसत होते.

"आमच्याकडे कास्टिंगचे एक्स-रे यायचे," ते म्हणाले. "ओतताना आत हवा अडकली की असेच ठिपके दिसायचे. एखाददुसरा असला तर चालायचं. एवढे असले तर तो पीस आम्ही—"

ते मध्येच थांबले. पुढचा शब्द काय आहे हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं. लहानपणी त्यांच्यामागे लागून मी एकदा कारखान्यात गेलेले, तेव्हा कोपऱ्यात लाल रंगाचा पट्टा मारलेल्या बाद तुकड्यांचा ढीग त्यांनीच मला दाखवला होता. फिल्म पाकिटात परत जाईना. मी डाव्या हाताने पाकिटाचं तोंड उघडं धरलं तेव्हा कुठे ती आत गेली.

"माणसाचं हाड वेगळं असतं," त्यांनी म्हटलं, आणि ते आत जाऊन पेपर वाचत बसले.

सोमवारी मी डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट वाचला, फिल्म पडद्यावर लावली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "हा हात तुम्ही वापरताय?"

"वापरते म्हणजे, जमेल तसा. पिशव्या वगैरे उचलते."

"आजपासून काही उचलायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. हे हाड कशानेही मोडू शकतं."

"आणि डॉक्टर, ती फाटलेली शीर?"

"ती राहू दे. ती आता आपली अडचण नाही."

फाटलेली शीर ही आपली अडचण असावी, असं मी त्या आठवड्यात किती वेळा मनाशी म्हटलं असेल. तिच्यावर उपाय आहेत, तिचं ऑपरेशन होतं, ती झालेली माणसं शाळेत परत येतात. हात गळ्यात अडकवून मी बाहेर आले. ओळखीचा भाजीवाला म्हणाला, "काय मॅडम, पडलात काय?" मी हो म्हटलं. पडले म्हणणं सोपं होतं. पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना तेच सांगितलं.

रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या झाल्या. त्यांचे आकडे मी वाचायचं सोडून दिलं. एवढंच कळलं की हिमोग्लोबिन फार खाली आहे आणि रक्तात एक प्रथिन नको तितकं वाढलेलं आहे. हाडांच्या डॉक्टरांनी ठाण्यातल्या रक्तविकारांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. शाळेतली माझी विज्ञान शिकवणारी मैत्रीण कल्याणला राहते. ती म्हणाली, मी रजा टाकते, आपण जाऊ. पण बाबा ऐकेनात.

"मी येणार."

"बाबा, तिथे तासन् तास बसवतात. तुम्हाला झेपणार नाही."

"तुझ्या दहावीच्या निकालाला कोण आलं होतं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी आलो होतो. आताही येणार."

गाडी शीळ फाट्यावरून मुंब्रा बायपासला लागली. पुढे-मागे कंटेनर, रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याच्या आधी बाबा माझ्या गळ्यात अडकवलेल्या कोपराखाली आपला तळवा धरायचे आणि खड्डा गेला की काढून घ्यायचे. त्यांची नजर सारखी समोरच्या रस्त्यावर होती. ठाण्यात शिरल्यावर गाडी वागळे इस्टेटमधून गेली. बाबा काचेला नाक लावून बघत होते. काचेच्या उंच इमारती, खाली कॉफीची दुकानं, गळ्यात कार्ड अडकवलेली मुलं.

"इथेच कुठेतरी होतं," ते म्हणाले. कुठे, ते त्यांना सापडलं नाही, आणि गाडी थांबवा असंही ते म्हणाले नाहीत.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी सांगितलं की हा अस्थिमज्जेतला, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथला कॅन्सर आहे. त्या पेशी हाड आतून पोखरतात. खांद्याचं हाड दुखलं म्हणून तिथे सापडला, पण तो फक्त खांद्यात नाही. खात्री करायला कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढावी लागेल.

"पूर्ण बरा होतो का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण दाबून ठेवता येतो. काही जणांमध्ये बरीच वर्षं. तुमच्यात किती, ते मला आज सांगता येणार नाही, आणि मी खोटा आकडा देणार नाही."

बाबा एवढा वेळ पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हाडातली भोकं बुजतात का?"

"सगळी बुजतातच असं नाही काका. पण वाढायची थांबतात."

"म्हणजे नंतर कधीही फोटो काढला तरी दिसणार."

"दिसणार."

बाबांनी मान हलवली. आजवर ऐकलेल्या कुठल्याही धीराच्या शब्दापेक्षा त्यांना हे सरळ उत्तर जास्त पटलेलं दिसलं. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरी तुमची काळजी घ्यायला कोण आहे?"

आमच्या घरात काळजी घेणारी मी होते. हा प्रश्न कधी माझ्याबद्दल विचारला जाईल असं वाटलंच नव्हतं.

"मी आहे," बाबा म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवत होतं.

सुईच्या तपासणीत तेच निघालं आणि उपचार सुरू झाले. दर आठवड्याला पोटात इंजेक्शन, त्याच्याबरोबर गोळ्या, मधूनमधून हाडांसाठी सलाइन. पायांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या, तोंडाची चव गेली, चेहरा सुजला. शाळेतून मी दीर्घ रजा घेतली. स्वयंपाकाला एक मावशी लावल्या, पण संध्याकाळचा वरणभात बाबा करायचे. गॅससमोर स्टूल घेऊन बसायचे आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत म्हणून झाकणाकडे बघत राहायचे. वरण कधी पाण्यासारखं, कधी लापशीसारखं. एकदा त्यात मीठ घालायचं राहिलं, तर ते म्हणाले, "तुला नाहीतरी चव लागत नाही ना." त्या काळात मी मनापासून हसले असं मला आठवतं ते एवढंच.

केस ही मोठी अडचण होती. माझे केस लांब होते आणि एका हाताने वेणी घालता येत नाही. बाबांनी कंगवा घेतला आणि प्रयत्न करून बघितला. आईची वेणी आयुष्यभर त्यांनी बघितली होती, पण तीन पेड कसे गुंफायचे ते त्यांना जमेना. त्यांच्या बोटांचा कंप मला टाळूवर जाणवायचा. काही दिवस असे गेल्यावर मी मैत्रिणीला बोलावलं आणि पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून आले. बाबा दारात उभे होते. मला बघून कंगवा त्यांनी खणात टाकून दिला, आणि मला वाटून गेलं की थोडे दिवस थांबायला हवं होतं.

आमच्यात खटके उडत नव्हते असं नाही. प्रत्येक नवा रिपोर्ट त्यांना बघायचा असायचा. मागच्या वेळी किती होतं, आता किती आहे, कमी झालं तर एवढंच का. एके दुपारी मी चिडून म्हटलं, "बाबा, मी तुमचा व्हॉल्व्ह नाही. सारखं काय तपासता?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी एवढा जगायलाच नको होतो."

"काहीतरीच काय बोलता?"

"काहीतरीच नाही. तुझी आई सुटली. तिला हे बघावं लागलं नाही. मी मात्र रोज सकाळी उठतो, आणि आधी तुझ्या खोलीत बघतो. म्हाताऱ्याने आधी जावं, हे एवढं साधं आहे. त्यात गडबड झाली तर मी काय करू, मला सांग. तू गेलीस तर मी काय करू?"

एवढं स्पष्ट आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला वाटलं होतं त्यांना माझी काळजी आहे, आणि ती होतीच. पण ते घाबरलेही होते, स्वतःसाठी घाबरले होते, लहान मूल घाबरतं तसे. 'मी जाणार नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनी उभा जन्म खोटे रिपोर्ट पकडण्यात घालवला होता.

"मलाही माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

ते उठले आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आत घेऊ लागले. ते अजून ओले होते.

औषध लागू पडलं. ते प्रथिन उतरत गेलं, हिमोग्लोबिन चढलं. खांदा ठणकायचा कमी झाला. डॉक्टरीणबाई खूश होत्या. बाबा मात्र म्हणायचे, "बघू." पण त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. गेटपर्यंत ते एकटे जायला लागले, येताना दूध आणायला लागले. मला वाटलं, आता काही दिवस तरी आपण दोघं असू.

पावसाळा संपता संपता त्यांना सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. ताप वाढला म्हणून मैत्रिणीने आणि शेजाऱ्यांनी त्यांना जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. माझी प्रतिकारशक्ती औषधांनी खच्ची झालेली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, "तुम्ही वॉर्डात जायचं नाही. त्यांना जे झालंय ते तुम्हाला झालं तर तुम्ही वाचणार नाही." तरी मी गेले. तोंडाला दोन मास्क लावून दाराशी उभी राहिले. सिस्टरने तिथून पुढे येऊ दिलं नाही. बाबांच्या नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. मी हाक मारली ती त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, घरी जा. पुन्हा केली. मी जात नाही असं बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला.

ज्यांनी माझ्या कोपराखाली हात धरला, त्यांच्या कपाळावर शेवटी मी हात ठेवू शकले नाही. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यांना तेच हवं होतं. असेलही. मला ते पटतं आणि त्याने काही हलकं होत नाही.

त्यांना घरी आणलं. चुलत भाऊ, सोसायटीतले चार-पाच जण आले होते. उचलायची वेळ झाली तेव्हा मी पुढे झाले. भाऊ म्हणाला, "अगं, तू नको. तुझा खांदा." बाई म्हणून कुणी अडवलं नाही, काळ बराच बदललाय. डॉक्टरांनी काहीही उचलू नका म्हटलेलं सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "डावा चांगला आहे." भावाने मला डावा खांदा देता येईल अशा बाजूला घेतलं आणि भार बराचसा स्वतःच पेलला, ते मला जाणवत होतं. लिफ्टपासून गेटबाहेरच्या गाडीपर्यंत, एवढंच अंतर. ते फार हलके झाले होते.

त्यानंतर घरात मी आहे. वरणभात आता मी करते. गोळ्या आता एकाच माणसाच्या असतात. शाळेत काही तास परत घ्यायला लागले. पोरं विचारतात, टीचर हात दुखतो का अजून. मी म्हणते, थोडा.

मध्यंतरी खांद्याचा नवा स्कॅन झाला. रिपोर्ट आला, मी तो हॉलमध्ये बसून एकटीने वाचला. लीजन्स आहेत तशाच आहेत. नवीन दिसत नाहीत. कवच पूर्वीइतकंच पातळ. 'स्टेबल' असा शब्द वापरलेला होता. वाचून झाल्यावर मी सवयीने आतल्या खोलीकडे बघितलं. मग फोन ठेवून दिला.

तो रिपोर्ट घेऊन ठाण्याला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. गप्पा त्यांनीच सुरू केल्या. कोलशेतच्या होत्या. पूर्वी घरची मिठागरं होती, आता तिथे टॉवर झालेत, असं त्यांनी सांगितलं. नवरा भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून. त्यांचा मुलगा गाडी लावायला गेलेला. थोड्या वेळाने त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून रिपोर्ट काढला.

"बाय, तुला इंग्रजी येतंय ना? ह्यांचा हाय. कंबर दुखतंय म्हनून काढलाय. काय लिवलंय तं वाचशील काय?"

मी घेतला. पाठीच्या कण्याचा होता. पहिला परिच्छेद झिजेचा, त्या वयात असतो तसा. दुसरा परिच्छेद मी वाचायला लागले आणि पहिल्या ओळीतच कळलं. माझ्यापेक्षा खूप जास्त होतं. शेवटी तोच शब्द होता, पॉसिबिलिटी.

"मणके झिजलेत असं लिहिलंय," मी म्हटलं. "आणि हाडात काही खुणा दिसल्यात. त्या कशाच्या, ते डॉक्टर तपासून सांगतील."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझे कापलेले केस, सुजलेला चेहरा, मांडीवरची माझी फाइल.

"म्हंजे बरा नाय," त्या म्हणाल्या.

मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या दंडाला हात लावून त्याला उठवलं. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मुलगा अजून आला नव्हता. ती दोघं सावकाश चालत आत गेली, दार मागून बंद झालं. मी माझी पाळी यायची वाट बघत बसून राहिले.